व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं प्रमाणपत्र आणि झबल्यावरचा टॅग

वाचकाचं पत्र

मी इंदूरला सुदामा नगरात घरूनच तान्ह्या बाळांचे कपडे शिवून विकते: झबली, टोपडी, लंगोट, दुपटी. मदतीला दोघी जणी आहेत, त्यांना नगावर पैसे देते. कापड एका ठोक व्यापाऱ्याकडून ताग्यातून कापून आणते आणि काही झबल्यांवर बाहेरून ब्लॉक प्रिंट करून घेते. कापड ‘ऑरगॅनिक, गॉट्स सर्टिफाइड’ आहे असं व्यापारी सांगतो; गॉट्स म्हणजे सेंद्रिय धाग्याच्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र. पुरावा मागितला तेव्हा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली, ती तमिळनाडूतल्या कुठल्याशा गिरणीच्या नावाची आहे. पुण्याचं एक बुटिक माझा माल घ्यायला तयार आहे, पण त्यांना टॅगवर गॉट्सचं चिन्ह हवंय. छापू का? नाहीतर ओएको-टेक्स, बेटर कॉटन यांतलं कुठलं प्रमाणपत्र मला झेपेल? माझ्या जाऊबाईंचं म्हणणं, हे सगळे शिक्के म्हणजे पैसे उकळायचे धंदे.

उत्तर

ताई, चिन्ह छापू नका. ती पीडीएफ शंभर टक्के खरी निघाली तरी छापू नका, कारण ती गिरणीची आहे. गिरणी आणि तुमचं शिलाई मशीन यांच्यामध्ये व्यापारी आहे, ब्लॉक छापणारा आहे आणि तुम्ही स्वतः आहात. यांपैकी कोणाचीही तपासणी झालेली नाही. गॉट्स नुसतं कापडाला मिळत नाही. कापसाच्या जिनिंगपासून कताई, विणाई, रंगाई, शिलाईपर्यंत माल ज्याच्या ज्याच्या हातून जातो, त्या प्रत्येक टप्प्याची तपासणी व्हावी लागते. एक टप्पा सुटला की पुढच्या मालावर गॉट्सचं नावही घेता येत नाही. ‘गॉट्स प्रमाणित कापडापासून शिवलेलं’ अशी पळवाटही नियमात बसत नाही, आणि अनेक छोटे उद्योजक नेमके इथेच अडकतात.

आता ती पीडीएफ उघडा. वर ‘स्कोप सर्टिफिकेट’ असं लिहिलेलं असेल. हा परवाना आहे. एखाद्याकडे वाहन चालवायचा परवाना आहे म्हणून आज त्याच्या ट्रकमध्ये काय भरलंय ते कळत नाही, तसंच याचं. अमुक गिरणी गॉट्सच्या नियमांनी माल बनवू शकते, एवढंच हा कागद सांगतो. तीच गिरणी शेजारच्या मागावर साधं बीटी कापसाचं कापडही विणत असू शकते. त्याला बंदी नाही, फक्त दोन्ही माल आणि दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात.

कागदावर पहिल्यांदा मुदत बघा; स्कोप सर्टिफिकेट वर्षभराचं असतं आणि जुनी पीडीएफ वर्षानुवर्षं फिरत राहते. मग मागची जोडपत्रं बघा. पहिलंच पान पाठवलं असेल तर उरलेली मागून घ्या, खरी माहिती तिथेच असते. कोणता माल (सूत, ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड, रंगवलेलं कापड की तयार कपडे), त्यात कोणता धागा किती टक्के, आणि कोणती प्रक्रिया मंजूर आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. गिरणीला फक्त सुताची मंजुरी असेल तर तिच्या कापडाला तो कागद लागू नाही. शेवटी गॉट्सच्या वेबसाइटवरच्या सार्वजनिक यादीत परवाना क्रमांक टाकून नाव आणि पत्ता जुळतो का ते पाहा. पीडीएफमधलं नाव बदलायला पाच मिनिटं पुरतात. यादीतलं नाव मात्र व्यापाऱ्याला बदलता येत नाही.

एवढं जुळलं तरी अर्धंच काम झालं. दुसरा कागद असतो ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, धंद्यातले लोक त्याला टीसी म्हणतात. तो एका ठराविक व्यवहारापुरता असतो. विकणारा कोण, घेणारा कोण, बिल नंबर, तारीख, माल आणि त्याचं वजन किलोमध्ये, हे सगळं त्यावर असतं. तुमच्या व्यापाऱ्याने खरोखर गॉट्सचा माल घेतला असेल तर घेणारा म्हणून त्याचं नाव असलेली टीसी त्याच्याकडे असायला हवी. ‘ती गिरणीकडे असते’ हे उत्तर मिळालं तर सावध व्हा, कारण टीसी खरेदीदारासाठीच निघते.

टीसी मिळालीच तर वजनाचा हिशेब घरी करता येतो. कापडाचा 10 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि सोनाराकडच्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर तोला. जितके ग्रॅम भरतील त्याला 100 ने गुणलं की जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम, निघतो. चौकोन 1.2 ग्रॅम भरला तर कापड 120 जीएसएमचं. पन्हा 44 इंच, म्हणजे साधारण 1.12 मीटर असेल, तर एक मीटर कापड सुमारे 134 ग्रॅमचं झालं. टीसीवर 300 किलो असतील तर तो सगळा माल 2,200 मीटरच्या आसपास. व्यापारी वर्षभर त्याच एका टीसीवर डझनभर गिऱ्हाइकांना हजार-हजार मीटर देत असेल तर कागद आणि कापड यांचा संबंध कधीच सुटलेला आहे. लबाडी बहुतेक वेळा अशीच होते. कागद खरा असतो, पण त्यावर विकलेला माल कागदापेक्षा जास्त असतो.

शिवाय व्यापारी तुम्हाला ताग्यातून कापून देतो. ठोक विक्रेत्याने माल फोडला, पुन्हा बांधला किंवा त्यावर नवं लेबल लावलं, तर त्याला स्वतःचं प्रमाणपत्र लागतं. गॉट्सच्या मालाची वार्षिक उलाढाल 20,000 युरोंच्या आत असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला सूट आहे, पण तीही माल न फोडता जसाच्या तसा पुढे देणाऱ्याला.

एवढी कागदपत्रं कशाला, असं वाटेल. त्याचं कारण असं की तयार रंगीत कापड समोर ठेवून ते सेंद्रिय कापसाचं आहे की नाही, हे प्रयोगशाळाही खात्रीने सांगू शकत नाही. सरकी, रुई किंवा साधं सूत असेल तर जनुकीय चाचणीत बीटी पकडता येतं. पण उकळणं, ब्लीचिंग, रंगाई झाली की धाग्यातला डीएनए इतका तुटतो की चाचणीचा भरवसा राहत नाही, आणि कीटकनाशकांचे अंशही त्याच धुण्यात निघून जातात. म्हणून कागदांच्या साखळीवर भिस्त. ती साखळीही फोडता येते, आणि हे प्रकरण आपल्या दाराशी आहे: देशातला सेंद्रिय कापूस मोठ्या प्रमाणावर मध्य प्रदेशातून येतो, आपलं निमाड त्यात आघाडीवर. 2020 च्या ऑक्टोबरात गॉट्सनेच जाहीर केलं की भारतात सुमारे 20,000 टन कापूस खोट्या टीसींच्या आधारे सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता. 11 कंपन्यांवर दोन वर्षांची बंदी आली. त्यानंतर ‘आमचं ऑरगॅनिक आहे’ हे नुसतं तोंडी ऐकून घेणारा मोठा खरेदीदार सापडणं कठीण झालं. खरगोन-धारकडच्या ज्या शेतकऱ्यांनी खरोखर कष्ट घेतले, त्यांच्याही कापसाकडे लोक संशयाने बघू लागले.

बाकीची चिन्हं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. त्यामुळे ‘कुठलं स्वस्त’ यापेक्षा गिऱ्हाइकाचा प्रश्न काय आहे, तो आधी बघा. ओसीएस हे गॉट्सचं धाकटं भावंड: सेंद्रिय धागा किती टक्के एवढंच मोजतं, रंग आणि मजुरीकडे बघत नाही. जीआरएस पुनर्वापर केलेल्या धाग्यासाठी आहे, सुती झबल्याशी त्याचा संबंध नाही. बेटर कॉटन तर सोडूनच द्या. ते सेंद्रिय नाही, बीटी कापूस त्यात चालतो. शिवाय त्याची पद्धत बरीच वर्षं जमाखर्चाची होती: कंपनीने जितक्या कापसाचं श्रेय विकत घेतलं तितका दावा करायचा, प्रत्यक्ष तोच कापूस त्या शर्टात असेलच असं नाही. कापसाचा प्रत्यक्ष माग ठेवायची सोय 2023 च्या अखेरीस सुरू झाली. फेअरट्रेडचं कापसावरचं चिन्ह शेतकऱ्याला किमान भाव आणि वर प्रीमियम मिळाल्याचं सांगतं. शिवणाऱ्या बाईला काय मिळालं, ते त्यावरून कळत नाही.

तुमच्या कामाचं म्हणाल तर ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 नीट समजून घ्या. ते 1992 पासून आहे आणि फक्त एकच गोष्ट बघतं: तयार मालात शरीराला अपायकारक रसायनं किती. शेती, पाणी, पगार यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यात चार वर्ग आहेत. पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी, तिसरा अंगाला न लागणाऱ्यांसाठी, चौथा पडदे-गाद्यांसाठी. फॉर्माल्डिहाइडचंच उदाहरण घ्या. दुसऱ्या वर्गात किलोमागे 75 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पहिल्यात ते मोजमापात सापडताच कामा नये. पहिल्या वर्गात रंग लाळ आणि घामाला टिकावा लागतो, कारण बाळ बाही चोखणारच. व्यापाऱ्याने दुसऱ्या वर्गाचं प्रमाणपत्र दाखवून ‘ओएको-टेक्स आहे ना’ म्हटलं तर त्याला वर्ग विचारा. हेही प्रमाणपत्र वर्षभराचंच, आणि क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. मात्र इथेही कापड प्रमाणित असलं म्हणून तुमचं झबलं प्रमाणित होत नाही. तुम्ही लावलेलं टिचबटण, इलॅस्टिक, दोरा, प्रिंट यांची तपासणी त्यात नसते.

आणि त्या प्रिंटकडे खरंच लक्ष द्या. कापडापेक्षा धोका तिथे जास्त आहे. छापणारा पिगमेंट वापरत असेल तर रंग कापडाला धरून ठेवायला बाइंडर घालतो. बऱ्याच बाइंडरमधून फॉर्माल्डिहाइड सुटतं. छापल्यावर 150 अंश सेल्सियसच्या आसपास काही मिनिटं भाजलं तरच बाइंडर नीट पक्का होतो. लहान कारखान्यात भट्टी नसते, माल उन्हात वाळवून देतात. मग दोन धुण्यांत छापलेल्या हत्तीची सोंड फिकट होते, आणि तोवर ओला रंग बाळाच्या तोंडात. छापणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: पिगमेंट की रिअ‍ॅक्टिव्ह रंग, बाइंडर ‘लो फॉर्माल्डिहाइड’ किंवा ‘फॉर्माल्डिहाइड फ्री’ आहे का (डब्यावरचा तांत्रिक कागद मागा), आणि भट्टी किती अंशांवर, किती वेळ. रबरासारखा जाड वाटणारा प्लास्टिसॉल छाप तान्ह्या बाळाच्या कपड्यावर घेऊच नका. कापड बेतण्याआधी साध्या पाण्यात धुऊन घ्या. आटायचं ते आटतं, फिनिशिंगचं सुटं फॉर्माल्डिहाइडही बरंच निघतं. धुतलेला माल न धुतलेल्या ताग्यांशेजारी बंद कपाटात ठेवू नका, फॉर्माल्डिहाइड एका कापडातून दुसऱ्यात जातं.

‘अ‍ॅझो-फ्री’ हा शब्दही टॅगवर फार मिरवला जातो. भारतात बेंझिडिनपासूनचे 42 रंग 1993 मध्ये आणि आणखी 70 अ‍ॅझो रंग 1997 मध्ये बंद झाले. म्हणजे हे न वापरणं हा कायदा आहे, त्यात विशेष काही नाही. पण तुमच्या छापणाऱ्याचा स्वस्त लाल-काळा रंग कुठून येतो, हे तपासणीशिवाय कळणार नाही. तेव्हा प्रमाणपत्रापेक्षा आधी एक चाचणी करून घ्या. इंदूरहून अहमदाबादची अटिरा किंवा मुंबईची बीटीआरए सोयीची. टेक्सटाइल्स कमिटीच्याही प्रयोगशाळा आहेत. कुरिअरने नमुना पाठवता येतो. चार गोष्टी मागा: बंदी असलेले अमाइन (त्या बंद रंगांतून सुटणारी घातक रसायनं; युरोपात मर्यादा किलोमागे 30 मिलिग्रॅम), फॉर्माल्डिहाइड, पीएच, आणि घाम व लाळेला रंगाचा टिकाव. धातूचं टिचबटण असेल तर निकेल आणि शिसंही. नमुना कोऱ्या कापडाचा देऊ नका. छापलेल्या, शिवलेल्या, विकायला तयार झबल्याचा द्या आणि सर्वांत गडद रंग निवडा. अहवालावर ‘नमुना ग्राहकाने दिल्याप्रमाणे’ असं येईल, म्हणजे तो त्याच नगापुरता खरा. रंगाचा पुरवठा बदलला की नवी चाचणी.

राहिला नैतिकतेचा भाग, आणि जाऊबाईंचा मुद्दा. त्या पूर्ण चुकीच्या नाहीत. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला एसए 8000 हे कामगारहक्कांचं नावाजलेलं प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते, आणि 11 सप्टेंबर 2012 च्या आगीत तिथे 250 हून जास्त माणसं गेली. पुढच्या वर्षी 24 एप्रिलला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळली, 1,134 जण मेले. त्या इमारतीतल्या दोन कारखान्यांची बीएससीआय या खरेदीदार कंपन्यांच्या योजनेखाली सामाजिक तपासणी, म्हणजे कामगारांच्या स्थितीची तपासणी, झालेली होती. इमारतीचे खांब तपासणं त्या तपासणीत येतच नव्हतं. तपासनीस ठरवून येतो, एक-दोन दिवस थांबतो, हजेरीपट बघतो. कुलूप लावलेला मागचा दरवाजा त्या दिवशी उघडा असू शकतो. सेडेक्स या संस्थेची स्मेटा ही तशीच तपासणी किंवा बीएससीआय ही तर प्रमाणपत्रंही नाहीत, तपासणीचे अहवाल आहेत. ‘आम्ही सेडेक्स सर्टिफाइड’ असं कोणी म्हटलं तर अहवाल आणि त्यातल्या त्रुटींची यादी मागा. पण म्हणून सगळं थोतांड असंही नाही. रसायनांच्या बाबतीत ही प्रमाणपत्रं बरीच भरवशाची, कारण तिथे यंत्राने मोजता येतं. माणसांच्या बाबतीत ती कच्ची, कारण तिथे कागद आणि भीती दोन्ही मध्ये येतात.

तुमच्याकडे मात्र तपासनीसाची वाट बघायची गरज नाही. दोघी नगावर काम करतात ना? एक साधा दिवस निवडा आणि जेवणाची सुट्टी वगळून आठ तासांत खरोखर किती नग होतात ते मोजा, त्यांना घाई न करता. मध्य प्रदेशात त्या कामाचं जे किमान दैनिक वेतन लागू आहे (श्रम विभाग दर वेळोवेळी बदलतो) त्याला त्या आकड्याने भागा. 16 झबली होत असतील तर वेतन भागिले 16 हा तुमचा नगामागचा किमान दर. त्याच्या खाली असाल तर टॅगवर ‘एथिकल’ हा शब्द येऊ देऊ नका. एका वहीत तारीख, नग, दर, दिलेली रक्कम आणि सही ठेवा. उद्या खरंच प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं तर तपासनीस पहिल्यांदा हीच वही मागेल.

गॉट्स हवंच असेल तर तुमच्या आकाराच्या उद्योगाला दोन वाटा आहेत. स्वतःचं प्रमाणपत्र घ्यायचं तर अर्ज, तपासणीच्या दिवसाची फी, तपासनीसाचा प्रवास, वार्षिक परवाना आणि प्रत्येक खेपेला टीसीची फी असे खर्च येतात. शिवाय छापणाऱ्यालाही तपासणीखाली आणावं लागेल, आणि तो आपलं सांडपाणी कुठे सोडतो हा प्रश्न निघेल. दोघी-तिघींच्या घरगुती कामाला हे परवडणं अवघड. दुसरी वाट बरी: गॉट्स प्रमाणित शिलाई युनिटकडून कापडासकट माल शिवून आणि लेबल लावून घ्यायचा. तुम्ही आईवडिलांना थेट, जसाच्या तसा विकत असाल तर किरकोळ विक्रेत्याला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. पुण्याच्या बुटिकला देणं मात्र ठोक विक्री ठरते. तिथे वर सांगितलेली 20,000 युरोंची मर्यादा आणि लेबलवर कोणाचा परवाना क्रमांक येणार, हे प्रमाणन संस्थेकडून ईमेलवर लेखी घ्या. अडचण एकच: अशी युनिटं एका डिझाइनमागे शेकड्यांत नग मागतात, आणि मग तुमच्याकडच्या दोघींचं काम जातं. हे मोल बुटिकवालीलाही सांगा.

लगेचचा उपाय म्हणजे बुटिकला खरं लिहून कळवा. ‘100 टक्के सुती. छपाईसह तयार कपड्याची फॉर्माल्डिहाइड आणि बंदी असलेल्या अमाइनसाठी चाचणी, अहवाल क्रमांक अमुक, तारीख तमुक. शिलाई: इंदूर.’ चाचणी झाल्यावर टॅगवरही इतकंच. ‘ऑरगॅनिक’, ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ हे शब्द टाळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 15 ऑक्टोबर 2024 ला अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. असा मोघम शब्द वापरलात तर त्याचा नेमका अर्थ आणि पुरावा ग्राहकाला सहज दिसेल असा द्यावा लागतो. जाहिरातीत इन्स्टाग्रामची पोस्टही आली.

आणि आजपासून प्रत्येक खरेदीच्या बिलाला त्या ताग्याचा तळहाताएवढा तुकडा टाचून ठेवा. मागे तारीख, व्यापारी आणि त्यातून शिवलेल्या झबल्यांचा लॉट नंबर लिहा. तोच नंबर टॅगच्या मागच्या बाजूला. एखाद्या बाळाच्या अंगावर पुरळ उठल्याची तक्रार आली तर कोणता माल परत मागवायचा, ते पाच मिनिटांत कळेल.